वाचकांचे प्रश्न : आईच्या हातातला वस्तरा

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं अशी निघाली, की ती वेगवेगळी ठेवायला मन झालं नाही. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. लांबू दिलं.

पत्र पहिलं

*ताई, मे महिन्यात मुलाची मुंज आहे. कार्यालय ठरलं, गुरुजी ठरले, वडाभाताचा बेतही ठरला. धाकटी मुलगी सात वर्षांची. परवा तिनं टीव्हीवर आफ्रिकेतल्या मसाई लोकांचा कार्यक्रम बघितला, मुलांना पुरुष करण्याच्या विधीचा. रात्री जेवताना म्हणाली, 'दादाची मुंज म्हणजे तेच ना? मग माझं काय करणार?' मी म्हटलं, मुलींचं नसतं. 'का नसतं?' मला उत्तर देता आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, त्या जंगली लोकांशी आपली बरोबरी करू नका. खरंच करू नये का? आणि पोरीला काय सांगू?*
*— एक आई, मनीषनगर*

तुमच्या मुलीनं अगदी बरोबर ओळखलं आहे. मी पंचवीस वर्षं कॉलेजात मानवशास्त्र शिकवलं, आणि हे धडे शिकवताना पहिलं उदाहरण नेहमी मुंजीचंच दिलं. अर्नोल्ड व्हॅन गेनेप नावाच्या अभ्यासकानं १९०९ साली जगभरातले असे विधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्याला सगळीकडे एकच चाल दिसली. माणसाला जुन्या जागेवरून उठवायचं, काही काळ ना इकडचा ना तिकडचा असा ठेवायचा, मग नव्या जागी बसवायचं. मातृभोजन म्हणजे उठवणं. डोकं भादरून, लंगोटी लावून, कमरेला मुंज गवताची मेखला आणि हातात पळसाचा दंड घेऊन बटू उभा राहतो, तो मधला काळ. भिक्षावळ झाली की तो नवा होऊन परततो. हे फळ्यावर लिहीत असताना दर वर्षी एखादा तरी मुलगा नकळत शेंडीच्या जागी हात नेऊन बघायचा.

सासूबाईंना दुखवू नका, पण 'जंगली' हा शब्द मुलीच्या कानावर बसू देऊ नका. मसाई हे केनियाच्या दक्षिणेतले आणि टांझानियाच्या उत्तरेतले गुराखी लोक. मुलगा वयात आला की पहाटे त्याची सुंता होते. रात्रभर बाहेर ठेवून गार केलेलं पाणी अंगावर ओततात, गुरांच्या वाड्याच्या तोंडाशी कातड्यावर बसवतात, आणि वस्तरा चालत असताना त्यानं पापणीही हलवायची नाही. हलली तर लाज एकट्या त्याची जात नाही, आईबापांची जाते. टीव्हीवर बहुधा एवढंच दाखवतात, कारण त्यात रक्त आहे. मला मात्र त्याच्या पुढचं आणि मागचं जास्त मोलाचं वाटतं.

जखम भरते ती आईच्या घरात. त्या दिवसांत ही मुलं काळी वस्त्रं नेसतात, तोंडाला पांढरी माती लावतात, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नोंदींत असंही आहे की ती पायघोळ बायकी वस्त्रं घालत आणि लग्न झालेल्या बायका घालतात तशी पितळी वेटोळ्यांची कर्णभूषणं कानांत अडकवत. पुरुष व्हायला निघालेला मुलगा वाटेत काही दिवस आईसारखा दिसतो. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची, मुली गप्प व्हायच्या. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

मग तो मोरान होतो, म्हणजे तरुण योद्धा. केस वाढवतो, त्यांच्या बारीक वेण्या घालून लाल गेरू माखतो. एकट्यानं जेवायचं नाही, दूध एकट्यानं प्यायचं नाही, सोबतीला दुसरा मोरान हवाच. लग्न झालेल्या बाईच्या नजरेस पडलेलं मांस खायचं नाही. अशी काही वर्षं काढल्यावर 'युनोटो' नावाचा सोहळा येतो. भाला घेऊन हिंडलेला तो उंच जवान पुन्हा कातड्यावर येऊन बसतो, आणि त्याची आई त्याचे केस उतरवते. दूध-पाणी लावून, वस्तऱ्यानं, सगळे. पहाटेच्या वस्तऱ्याला पापणी न हलवलेल्या कित्येक जणांना इथे रडू फुटतं. त्यानंतर तो लग्नाला मोकळा. एन्किपाटा, युनोटो आणि ओल्न्गेशेर या मसाईंच्या तीन पुरुषविधींना युनेस्कोनं २०१८ साली तातडीनं जपायच्या वारशाच्या यादीत घेतलं. शाळा, शहर आणि आटत चाललेली कुरणं यांमुळे ते मागे पडत आहेत.

एका परिषदेच्या निमित्तानं मी नैरोबीला गेले होते. तिथून दक्षिणेला काजियाडोच्या बाजूला एका वस्तीत दोन दिवस राहिले. सकाळी एक बाई घराच्या छपरावर शेणाचा लेप देत होती. घर माझ्या खांद्याएवढं, दार इतकं ठेंगणं की आत जाताना मी जवळपास बसलेच. काटक्या, माती, शेण, सगळं तिनंच उभं केलेलं. रात्री पाऊस आला तर ओल्यात उठून गळती बुजवायचं कामही तिचंच. तिनं हात फिरवला तसा आमच्या आजीचा हात फिरायचा, अंगणात सारवताना, पाची बोटांची कमान उमटवत. मी दुभाष्याकरवी विचारलं, घर कोणाचं? म्हणाली, माझं. गाईचं दूध कोणाचं? माझं. आणि गाय? तिनं मानेनंच लांब झाडाखाली बसलेल्या नवऱ्याकडे दाखवलं.

त्या मानेच्या हालचालीत मला आयुष्यभर पुरेल असा धडा मिळाला. अशा विधीत कोणाला किती दुखलं हे लोक आधी बघतात. मी तेव्हापासून बघते की सगळं उरकल्यावर कोणाच्या हातात काय पडलं. मसाई मुलाला गुरं मिळतात, भाला मिळतो, आणि बरोबरीनं मोठे झालेल्या मुलांचा जन्मभराचा गट मिळतो. मुलींवरही तिथे वस्तरा चालत आला आहे, आणि तो मुलांपेक्षा फार क्रूर. त्यांच्या जननेंद्रियाचा भाग कापला जाई, तोही धीरानं सोसायचा, आणि हातात पडायचा नवरा. केनियानं २०११ च्या कायद्यानं ही कापाकापी गुन्हा ठरवली. ती अजून पुरती थांबलेली नाही. पण नव्वदच्या दशकापासून तिथल्याच बायकांनी दुसरी वाट काढली. मुलींना काही दिवस एकत्र ठेवायचं, शरीराबद्दल, शाळेबद्दल, हक्कांबद्दल शिकवायचं, गावासमोर आशीर्वाद द्यायचा, आणि कापायचं काहीच नाही. विधी ठेवला, वस्तरा काढला. मला या बायकांबद्दल अतोनात आदर आहे.

आता आपल्याकडे या. मुलींचं नसतं, हे खरं नाही. आपल्याकडे न्हाण होतं. पहिल्यांदा विटाळ आला की मुलीला मखरात बसवायचे, गोडधोड करायचे, ओटी भरायचे. माझ्या आईचं झालं होतं. तिला त्यातलं आठवायचं ते एवढंच, की सगळ्या आळीला कळलं म्हणून तिला मान वर करवेना. मुलाच्या हातात आपण मंत्र दिला, दंड दिला, गुरूच्या घरी जायला वाट दिली. मुलीच्या ओटीत नारळ दिला. तिला गर्भाशय आहे याचा तो सोहळा होता, तिला बुद्धी आहे याचा नव्हता. आणि मुंजही काही जातींच्या घरांपुरतीच होती, बाकीच्या मुलांना ती वाटही नव्हती, हेही मुलांना आजच सांगायला हवं.

माझ्या धाकट्या भावाची मुंज नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात झाली. मी दहा वर्षांची. चौकात मांडव, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला एक गडी ठेवलेला, तरी दुपारी फरशीवर पाय ठरत नव्हता. मातृभोजनाला आई त्याला घास भरवत होती आणि तूप त्याच्या हनुवटीवर ओघळत होतं. तिनं ते पदरानं पुसलं आणि मग तोच पदर स्वतःच्या डोळ्यांना लावला. शेजारी आठ बटू जेवत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी. मला कोणी बस म्हटलं नाही, मलाही तसं वाटलं नाही.

आमची आत्या मात्र स्वयंपाकघराच्या दाराआड होती. विधवा. भावाला टायफॉइड झाला तेव्हा बावीस रात्री तीच उशाशी बसली होती. त्या दिवशी पहाटे चारपासून वडाभाताचे वडे तिनं तळले होते. भिक्षावळीसाठी तिनंही एका वाटीत तांदूळ काढून, वर सुपारी ठेवून फडताळात ठेवले होते. 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणत भाऊ आईपासून सुरुवात करून सगळ्या सुवासिनींपुढे गेला. आत्याला कोणी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला आणि तो तिनंच आम्हाला वाढला. हे आठवलं की अजून माझा घास अडतो.

म्हणून तुम्हाला जे सांगते ते मनापासून सांगते. पोरीला खरं सांगा. सात वर्षांच्या मुलीला कळतं. म्हणा, 'मुलींना शिकवायचंच नाही असं लोकांनी ठरवलं होतं, म्हणून नव्हतं. ते चुकलं होतं.' मातृभोजनाच्या ताटाला तिलाही बसवा. गायत्री मंत्र दोघांना बरोबर शिकवा. गुरुजी तयार असतील तर दोघांची मुंज एकाच मांडवात लावा. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी मुलींचे उपनयन करते, आणि जुन्या धर्मसूत्रांतही ब्रह्मवादिनी, म्हणजे वेद शिकणाऱ्या, मुलींच्या उपनयनाचा उल्लेख आहे. सासूबाईंना हे नक्की सांगा, त्यांना कदाचित आवडेल. आत्ता अमरावती रोडच्या कडेनं पळस फुलला असेल. एका रविवारी सकाळी दोघांना घेऊन जा आणि दंडासाठी काठ्या शोधा, दोन. आहेराच्या पाकिटांतले पैसे दोघांच्या नावावर सारखे ठेवा. आणि घरात माझ्या आत्यासारखी कोणी असेल, तर भिक्षावळीला ती आईच्या शेजारी उभी असली पाहिजे.

पत्र दुसरं

*आजची पोरं फार मऊ झाली आहेत. माझे दोन नातू दिवसभर मोबाइलवर. नेल्सन मंडेलांनाही त्यांच्या जमातीत कठोर परीक्षा द्यावी लागली होती असं वाचलं. आपल्या मुलांसाठीही असं काहीतरी सक्तीचं का असू नये?*
*— निवृत्त बँक कर्मचारी, त्रिमूर्तीनगर*

तुमची काळजी मला समजते, पण मंडेलांची गोष्ट पूर्ण ऐका. ते खोसा समाजातले. १९३४ साली, सोळाव्या वर्षी, म्बाशे नदीच्या काठी इतर मुलांबरोबर त्यांची सुंता झाली. भाल्याच्या पात्याखाली प्रत्येक मुलानं लगेच 'न्दियिन्दोदा!' म्हणजे 'मी पुरुष आहे!' असं ओरडायचं. मंडेलांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की इतरांच्या मानानं त्यांना ते ओरडायला थोडा उशीर झाला, आणि त्याची त्यांना लाज वाटली. नंतर अंगाला पांढरी माती, मग लाल गेरू. राहुट्या जाळून टाकल्या आणि मागे वळून बघू नका असं बजावलं. त्यांनी वळून बघितलं. परत जाऊन राखेचे ढीग बघत उभे राहिले.

त्यांना दोन कालवडी आणि चार मेंढ्या मिळाल्या, आणि आपण श्रीमंत झालो असं वाटलं. तेवढ्यात मेलिग्किली नावाचे सरदार भाषणाला उठले. पोरांनो, आम्ही तुम्हाला पुरुषत्वाचं वचन दिलं खरं, पण ते पोकळ आहे, कारण आपण आपल्याच देशात गुलाम आहोत, अशा अर्थाचं ते बोलले. तरुण मंडेलांना तेव्हा त्यांचा रागच आला. पुढे आयुष्यभर ते शब्द त्यांच्या मनात काम करत राहिले.

आणि दुसरी बाजू. दक्षिण आफ्रिकेत आजही या शिबिरांच्या हंगामात मुलं दगावतात. गँगरीन होतं, अंगातलं पाणी कमी होतं, मारहाण होते, पैशासाठी कोणीही अडाणी माणूस शिबिर उघडतो. म्हणून तिथल्या संसदेला २०२१ साली खास कायदा करावा लागला. सोळा वर्षांखालच्या मुलाला नेता येत नाही आणि शिबिराची नोंदणी सक्तीची आहे. वेदना सक्तीची केली की तिचा धंदा व्हायला वेळ लागत नाही.

त्या मुलांना खरं जे मिळत आलं ते वेगळं होतं. जखम भरेपर्यंत एक जाणता माणूस रात्रंदिवस त्यांच्यापाशी असायचा. मलमपट्टी करायचा, जुन्या गोष्टी सांगायचा, कसं वागायचं ते शिकवायचा. तुमचे दोन नातू आहेत आणि तुम्ही निवृत्त आहात. या सुट्टीत त्यांना घेऊन गावाकडे आठ दिवस राहून या. बँकेत पहिल्या वर्षी तुमच्याकडून झालेली मोठी चूक त्यांना सांगा. स्वयंपाक तिघांनी मिळून करा. तो भाग अगदी सक्तीचा ठेवायला माझी हरकत नाही.

पत्र तिसरं

*मॅडम, मी भामरागड तालुक्यातला माडिया. नागपुरात हॉस्टेलवर राहून इंजिनीअरिंग करतो. रूमवरची पोरं इंटरनेटवरचं काहीबाही वाचून मला घोटुलावरून चिडवतात. मी भांडतो. पण घरी गेलो की बहीण पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या कुरमाघरात झोपते, तेही मला सहन होत नाही. इथे आपल्या लोकांची बाजू घ्यायची आणि तिथे आपल्याच लोकांशी भांडायचं, हे दोन्ही कसं जमवू?*
*— एक विद्यार्थी*

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी रूममधल्या पोरांचं. ते जे वाचतात त्याचं मूळ बहुतेक वेळा बस्तरच्या मुरिया लोकांबद्दलच्या लिखाणात असतं. मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली मुरियांच्या घोटुलावर, म्हणजे गावातल्या लग्नाआधीच्या मुलामुलींच्या एकत्र राहण्याच्या घरावर, मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यातला स्त्री-पुरुष संबंधांचा भाग तेवढा उचलून लोक पिढ्यान् पिढ्या चघळत बसले. मुरियांच्या घोटुलात मुलगे 'चेलिक', मुली 'मोटियारी'. प्रत्येकाला आत गेल्यावर नवं नाव मिळायचं. रोज संध्याकाळी शेकोटीसाठी लाकूड आणायचं, मुलींनी अंगण सारवायचं, कामात कुचराई केली तर दंड. गावात लग्न असो की मयत, राबायला ही पोरं आधी. लिंगो देवाच्या नावानं सगळं चालायचं आणि गाणं-नाच तिथेच शिकायचे. तुमच्याकडचा गोटुल वेगळा, गावाची बैठक आणि पाहुण्यांचा निवारा म्हणून तू तो माझ्यापेक्षा चांगला ओळखतोस. खोसा मुलगा मोठा होतो तो मुलींपासून लांब नेऊन. मुरियांनी मुलगा आणि मुलगी एकाच अंगणात वाढवले, हे जगात फार थोड्या ठिकाणी झालं आहे. आणि त्या पोरांना हेही सांग की ज्या नागपुरात बसून ते हसतात ते वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ च्या सुमारास.

आता बहिणीचं. तिथे तुझं मन बरोबर आहे. मी विद्यार्थ्यांना घेऊन तुमच्या भागात आले होते तेव्हा एक कुरमाघर आतून बघितलं. कुडाच्या भिंती, दाराला कडी नाही, पावसाची ओल खालून वर चढलेली, कोपऱ्यात एक चटई आणि जर्मनचं भगुणं. एक बाळंतीण तान्ह्याला घेऊन बसली होती. साप-विंचवाची भीती वाटत नाही का म्हणून मी विचारलं, तर माझ्या प्रश्नाचंच तिला नवल वाटलं. भीती वाटतेच की, म्हणाली. दुसरी एक बाई मात्र म्हणाली, तेवढेच चार दिवस मोह वेचायला जावं लागत नाही, पाणी भरावं लागत नाही. दोघीही खरं बोलत होत्या.

शहरातले लोक येऊन ती झोपडी पाडा म्हणतात. काही गावांत तिच्या जागी पक्क्या खोल्या, दिवा, पाणी, संडास अशी सोय झाली आहे. काही जण म्हणतात त्यानं विटाळ आणखी पक्का होतो. माझं मत विचारशील तर बाईला बाहेर बसवणं बंदच व्हायला हवं. पण ते बंद होईपर्यंत एकही रात्र कुणी कडी नसलेल्या दाराआड काढू नये. आणि हे बोलायचा पहिला हक्क तुझ्या बहिणीचा आहे. तिला विचार, तिला काय हवं आहे. तिनं 'घरात झोपायचं आहे' म्हटलं तर गावातल्या जाणत्यांपुढे तिच्या शेजारी उभा राहा. तू पुरुष आहेस, गोटुलात तुझं बोलणं ऐकलं जाईल, तिचं कदाचित नाही. मसाई बायकांनी विधी ठेवून वस्तरा काढला, ते वर लिहिलं आहे, ते तिला माडियात वाचून दाखव.

रूममध्ये भांडतोस आणि घरीही भांडतोस, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे तू तुझ्याच माणसांसाठी बोलतो आहेस. दिवाळीला घरी जाशील तेव्हा एक मजबूत कडी, बिजागऱ्या आणि सौरदिवा घेऊन जा. इतवारीत स्वस्त मिळतील. दार तू स्वतः बसव, आणि बहीण काय म्हणाली ते मला कळव.